मऊ साण

या गोष्टीला किती वर्षं झाली ते विचारू नका. मोजणारे केव्हाच गेले. त्या जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. राजा भला होता, प्रजा कष्टाळू होती, आणि राजाचा सिलेखाना, म्हणजे हत्यारांचं कोठार, सांभाळायला नेमाजी नावाचा कारभारी होता.

नेमाजी प्रामाणिक होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. उभ्या आयुष्यात त्याने कोठारातला खिळासुद्धा घरी नेला नाही. पण बाळांनो, आणि बाळांच्या आडून ऐकणाऱ्या थोरांनो, त्याला एक खोड होती. त्याला कुणाचा म्हणून भरवसा वाटत नसे. पुजाऱ्याने समईत तेल घातलं, की हा वाकून तेल किती ते पाही. स्वयंपाकाच्या मावशींनी आमटीत मीठ कमी घातलं, तर उरलेलं मीठ कुणाला दिलं असेल, या विचारात त्याचा अर्धा दिवस जाई. शेजाऱ्याने हसून रामराम केला, तर हा घरी येऊन आधी दाराची कडी तपासून बघे.

राजा म्हणे, "कोठारावर असाच माणूस हवा." आणि तसं बघितलं तर ते खोटं नव्हतं.

नेमाजीचा भरवसा सगळ्या जगात एकाच माणसावर होता, तो म्हणजे त्याचा मुलगा सुभान. बायको लवकर गेली. पोराला त्याने एकट्याने वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, पागोटं बांधायला शिकवलं. आता सुभान उंचापुरा जवान झाला होता आणि घाटावरच्या चौकीत शिपाई होता. तो घाट चढून गेला, की नेमाजीचं लक्ष परत येईपर्यंत वाटेकडे असे.

त्या वर्षी बातमी आली, की डोंगरापलीकडे लुटारू जमताहेत आणि दसरा झाला की घाट उतरून येणार आहेत. राजाने लांबच्या देशातून चाळीस नव्या तलवारी आणवल्या. आजवर राज्यातल्या तलवारी गावच्या लोहाराच्या मऊ लोखंडाच्या असत. या मात्र अस्सल पोलादाच्या होत्या, इतक्या कडक, की ऐरणीवर टेकवल्या तरी खणखणत. फक्त त्यांना धार लावायची बाकी होती. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात राज्यातला म्हातारा शिकलगार वारला.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. त्याचं सगळं काम साणेवर चालतं. साण म्हणजे धार लावायचं चाक. कुरुंद नावाच्या कठीण दगडाची पूड करायची, वितळवलेल्या लाखेत ती कालवायची आणि थापून तिचं जाड चाक करायचं. मग एकाने पट्टा मागेपुढे ओढून चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने त्यावर पातं धरायचं. म्हाताऱ्याच्या मागे त्याची साण राहिली होती. भरपूर लाख घालून केलेली ती साण दगडासारखी घट्ट होती, तीस वर्षं वापरूनही तिची कड झिजली नव्हती. नेमाजीचा त्या साणेवर फार जीव. राज्यातली प्रत्येक तलवार त्याने तिच्यावर चढताना पाहिली होती.

आषाढ सरता सरता एक नवा शिकलगार आला. बरोबर बायको होती, एक बैल होता आणि बैलाच्या पाठीवर कुरुंदाची दोन पोती.

"कुठून आलास?" नेमाजीने दारातच विचारलं.

"डोंगरापल्याडनं, कारभारी."

"पलीकडून? म्हणजे लुटारूंच्या बाजूने?"

उत्तर शिकलगाराच्या बायकोने दिलं. "रस्ता येकच हाय जी. चोर बी त्यानंच येत्यात अन् देवाचं माणूस बी त्यानंच येतंय."

नेमाजीने तिच्याकडे पाहिलं. 'चोरांचं नाव हिने आपणहून कसं घेतलं?' त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती पुढे दोन महिने चुकचुकतच राहिली.

पण दुसरा शिकलगार कुठून आणणार? राजाने त्यांना कोठाराशेजारची पडवी दिली, काम दिलं, आणि नेमाजीला सांगितलं, "लागेल ते सामान दे."

शिकलगाराने आधी चाळीसही तलवारी एकेक करून हातात घेतल्या. नखाने टिचकी मारून प्रत्येकीचा आवाज ऐकला. मग म्हाताऱ्याच्या साणेपाशी गेला, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "साण झकास हाय. विळं, कोयतं, कुऱ्हाडी हिच्यावर करीन. तलवारीला नवी बांधाय लागंल."

नेमाजीला हे ऐकूनच कसंतरी झालं. गवत कापायच्या विळ्यांना एवढी मजबूत साण, आणि राज्याच्या तलवारींना कुठलीतरी नवी? त्याने नवी साण तयार होताना डोळ्यांत तेल घालून पाहिली. शिकलगाराने कुरुंदाची पूड घेतली भरपूर, पण लाख घातली अगदी बेताची. जेवढी म्हाताऱ्याने घातली असती तिच्या निम्मीसुद्धा नाही. चाक सुकलं, तेव्हा नेमाजीने कुणी नाही असं बघून त्यावर अंगठ्याचं नख ओढलं. भुरभुर करत चार कण खाली पडले.

"अस्सं!" नेमाजी मनात म्हणाला. "कोठारातली लाख मारतोय तर!"

तो पडवीत शिरला. त्याने बिछाना उचकला, बैलाचं खोगीर उलटं केलं, चुलीतली राखसुद्धा काडीने उकरून पाहिली. लाखेचं मडकं कोपऱ्यातच होतं आणि उरलेली लाख त्यात जशीच्या तशी होती, एक डिखळीही कमी नाही.

आता तुमच्यामाझ्यासारख्याचा जीव भांड्यात पडला असता. नेमाजीचा उलट टांगणीला लागला. माणूस चोर असता तर एकवेळ परवडलं असतं. चोराला काय हवं ते आपल्याला कळतं. पण लाख समोर असून हा ती घालत नाही, घरीही नेत नाही, तर मग याला हवंय तरी काय?

काम सुरू झालं. बायको पट्टा ओढी, नवरा पातं धरी. पडवीत इतकी घरघर चाले, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून ती दोघं खुणांनी बोलत. त्याने हनुवटी वर केली की ती वेग वाढवी, डावी करंगळी हलवली की हळू करी, डोळे मिटले की थांबे. या धंद्यातल्या सगळ्याच जोडप्यांची ही रीत होती. सासू सुनेला पट्ट्याबरोबर त्या खुणाही शिकवी.

नेमाजी दाराच्या फटीतून बघत होता. करंगळी हललेली त्याने पाहिली, मिटलेले डोळेही पाहिले. 'तोंडाने एक शब्द नाही आणि खुणा चालल्यात! चांगलं काम करणाऱ्याला लपवायला काय असतं?'

आणि ती साण! दर दिवशी ती झिजत होती. दोन तलवारी झाल्या, की चाक बोटभर लहान. खाली काळ्या वाळूचा ढीग. पंधरा दिवसांत चाक संपलं आणि शिकलगाराने तसलंच भुसभुशीत दुसरं थापलं. नेमाजीने खालची मूठभर वाळू पागोट्याच्या पदरात बांधून घेतली आणि राजाकडे गेला.

"महाराज, ही पाहा साण. तलवारीऐवजी साणच झिजतेय. पोलादासारख्या कडक मालाला जो लोण्यासारखी साण लावतो, त्याच्या मनात काय असेल?"

राजाने वाळू चिमटीत धरून पाहिली. "तू त्याला विचारलंस का?"

"विचारायचं काय, महाराज? लबाड माणूस खरं थोडंच सांगणार! विचारलं तर उलट सावध होईल."

राजाला धारेतलं काही कळत नव्हतं, आणि लुटारूंच्या बातमीने त्याचं डोकं आधीच भणभणलं होतं. "लक्ष ठेव," एवढंच तो म्हणाला.

नेमाजीने लक्ष ठेवलं, आणि एकट्याने ठेवलं असतं तरी ठीक होतं. त्याने पहारेकऱ्याला सांगितलं, पहारेकऱ्याने पाणक्याला, आणि पाणक्याने पाणवठ्यावर. आठ दिवसांत गावातल्या बाया शिकलगारणीला विहिरीवर पोहरा देईनाशा झाल्या. त्यांच्याकडून धार लावून आलेले विळे लोक चुन्याच्या पाण्याने धुऊन घेत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शिकलगारीण नदीवरून पाणी आणू लागली. नवऱ्यापाशी तिने तक्रार केली, तर तो म्हणाला, "काम उरकू अन् जाऊ. पट्टा वढ."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चाळीसही तलवारी झाल्या. शिकलगाराने त्या फडक्यात गुंडाळून नेमाजीच्या स्वाधीन केल्या आणि हात जोडून म्हणाला, "कारभारी, येक डाव सांगतो. ह्या तलवारींना आता दुसरं काय बी करू नगा. त्या जुन्या साणेला तर दावूच नगा, न्हाईतर पाणी उतरंल."

पोलाद तापवून, विझवून त्याला जो कडकपणा देतात, त्याला पाणी म्हणतात. ते उतरलं की उरतं नुसतं लोखंड. शिकलगार जे बोलला ते स्पष्ट होतं, खरं होतं, आणि नेमाजीच्या भल्याचं होतं. पण ते नेमाजीच्या कानापर्यंत गेलं आणि तिथे उलटं झालं.

'जुन्या साणेची याला एवढी धास्ती का? कारण तिच्यावर धरल्या तर याची लबाडी उघडी पडेल!'

चाळीस तलवारींतली एक सुभानची होती. मुठीवर त्याने खूण म्हणून तांब्याची तार गुंडाळली होती. नेमाजीने ती उचलली. धारेवरून अंगठा फिरवला. धार लखलखीत होती, केस कापेल अशी. त्याला ती नको तितकी चांगली वाटली. 'वरवरची असणार,' तो म्हणाला. 'माझा पोरगा या भुसभुशीत धारेवर लुटारूंच्या तोंडी द्यायचा? बाकीच्यांचं राजा बघून घेईल. माझ्या पोराची तलवार मी स्वतः करणार.'

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकलगार नवराबायको विळे पोचवायला शेजारच्या वाडीला गेली. नेमाजीने पहारेकऱ्याला बोलावलं, त्याच्या हाती पट्टा दिला आणि सुभानची तलवार जुन्या साणेवर धरली.

सुरुवातीला ठिणग्या उडाल्या. मग त्या कमी झाल्या. साणेची कड चकचकीत दिसू लागली आणि पातं तिच्यावरून नुसतं घसरू लागलं. 'बघा, पोलाद कसं अडतंय,' नेमाजी म्हणाला आणि त्याने आणखी जोर लावला. चाक किंचाळलं. जळक्या लाखेचा वास सुटला.

"कारभारी, पातं तापलंय," पहारेकरी म्हणाला.

"तू ओढ!"

पात्यावर आधी गव्हाळ पट्टा उमटला, मग तांबूस, आणि मग टोकापासून मुठीच्या वीतभर अलीकडेपर्यंत सुंदर निळा रंग चढला. नेमाजी तो रंग बघतच राहिला. त्याला वाटलं, हेच खरं तेज. शिकलगाराच्या एकाही तलवारीला असा रंग नव्हता. त्याने पातं गार केलं, धार पाहिली, ती बोटाला बोचली. समाधानाने त्याने तलवार म्यानात घातली आणि पहारेकऱ्याला बजावलं, "हे तुझ्यामाझ्यात." त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी तो पोटभर जेवला.

खंडेनवमीला राजवाड्याच्या अंगणात शस्त्रपूजा झाली. सगळ्या तलवारी म्यानासकट पाटावर मांडल्या, झेंडूची फुलं वाहिली. राजाने त्यांतली हाताला लागली ती एक उपसली आणि पुरलेल्या बांबूच्या जुडीवर चालवली. जुडी एका घावात दोन झाली. लोकांनी जयजयकार केला. शिकलगारणीने पदराने डोळे पुसले.

नेमाजी पुढे झाला. "महाराज, बांबू तर कोयत्यानेही तुटतो. खरी परीक्षा घाटात. हा माणूस पलीकडून आलाय, आणि तलवारी लढून परत येईपर्यंत हा पलीकडे पोचलेला असेल. याला इथेच ठेवून घ्या. आणि यातली एक जरी तलवार वाकली, तर ज्या हाताने याने पातं धरलं तो हात तोडावा."

राजाला हे आवडलं नाही, पण समोर चाळीस शिपायांच्या आया-बायका उभ्या होत्या आणि इतके दिवस पाणवठ्यावर शिजलेली शंका प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होती. त्याने शिकलगाराला विचारलं, "तुला कबूल आहे?"

शिकलगार म्हणाला, "कबूल हाय, म्हाराज. चाळीस बी माझ्या हातनं गेल्यात."

नेमाजीला त्या क्षणी सुभानच्या तलवारीची आठवण व्हायला हवी होती. झालीही. पण तो मनाशी म्हणाला, 'ती तर वाकणारच नाही.'

दसरा झाला आणि शिपाई घाट चढून गेले. शिकलगार नवराबायकोला कोठाराच्या मागच्या खोलीत कोंडलं. किल्ली नेमाजीच्या कमरेला. तो दिवसातून चार वेळा झरोक्यातून डोकावे. आत शिकलगार भिंतीला टेकून बसलेला असे आणि बायको त्याच्या उजव्या हाताला तेल चोळत असे. 'हिला आत्ताच हात चोळायचं का सुचतंय?' नेमाजीला वाटे. 'म्हणजे ठाऊक आहे तर हिला!'

नवव्या दिवशी घाटातून शिंगाचा आवाज आला. लुटारू पळाले होते. शिपाई गुलाल उधळत उतरत होते, त्यांच्या तलवारी उन्हात तळपत होत्या. लोकांनी बाहेर धाव घेतली. नेमाजी सगळ्यांच्या पुढे होता, आणि एकेक चेहरा बघत होता. हा नव्हे. हा नव्हे. हाही नव्हे.

सगळ्यात शेवटी चौघांनी एक बाज उचलून आणली. बाजेवर सुभान होता. जिवंत होता. पण त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता.

चौकीच्या नाईकाने राजापुढे एक तलवार टाकली. ती मध्येच विळ्यासारखी वाकली होती. "महाराज, सुभान सगळ्यांच्या पुढे होता. पहिल्याच घावाला ही वाकली. याने दुसरा वार हातावर झेलला. बाकी एकोणचाळीस तलवारींच्या धारेला खवलासुद्धा पडला नाही. हिचंच काय झालं कळत नाही."

"शिकलगार!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडू लागले. "कारभारी सांगत होते! पहिल्या दिवसापासून सांगत होते!" शिकलगाराला ओढत आणलं. अंगणात लाकडाचा ओंडका ठेवला. शिकलगारणीने नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता, तो सोडवायला दोन माणसं लागली.

"म्हाराज," शिकलगार म्हणाला, "हात तोडायच्या आदी ती तलवार मला दावा."

राजाने दाखवली. शिकलगाराने ती उन्हात धरली आणि पात्यावरचा निळा पट्टा बघितला. "पाणी उतरलंय," तो हळूच म्हणाला. "ही माझ्या हातनं गेल्यावर कुनीतरी जुन्या साणेवर धरलीया."

राजा वळला. "नेमाजी, कोठाराची किल्ली तुझ्याकडे होती. शिकलगाराने तलवारी दिल्यावर हिला दुसऱ्या कुणी हात लावला होता का?"

आता ऐका, कारण सगळी गोष्ट इथे येऊन थांबली आहे. नेमाजीने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. लोक त्याला उलट शहाणा म्हणाले असते. पहारेकरी समोरच उभा होता, मान खाली घालून. नेमाजीच्या मनात पहिला विचार आला तोही हाच, की हा बोलेल. पहारेकरी बोलला नाही. नेमाजीच्या धाकाने तो मूग गिळून उभा होता.

नेमाजीने ओंडक्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग बाजेवरच्या पोराकडे पाहिलं. सुभान पांढरा फटक पडला होता, पण बापाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत बापाविषयी कसलीच शंका नव्हती. नेमाजीने ज्याच्याविषयी कधी शंका घेतली नाही, असा जगात तेवढा एकच माणूस होता. नेमाजीला ते सहन झालं नाही.

"मी धरली," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ओरडून म्हणाला, "मी धरली ती जुन्या साणेवर! याने नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी धरली. मला वाटलं हा दगा देतोय. माझ्या पोराचा हात मी तोडला, महाराज, मी!" आणि तो अंगणात मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

राजाचा चेहरा कठोर झाला. "या माणसासाठी तू जी शिक्षा मागितलीस ती सगळ्यांच्या समोर मागितलीस. आता तीच तुला दिली तर?"

"द्या," नेमाजी म्हणाला आणि सरपटत ओंडक्यापाशी गेला.

तेव्हा बाजेवरून सुभान बोलला. आवाज अगदी क्षीण होता, पण सगळं अंगण गप्प असल्याने प्रत्येकाला ऐकू गेला.

"महाराज, आमच्या घरातला एक हात गेलाय. तेवढा पुरे करा."

राजाने ओंडका उचलून न्यायला सांगितलं. नेमाजीच्या कमरेची किल्ली त्याने स्वतः सोडून घेतली. शिकलगाराची त्याने हात जोडून क्षमा मागितली, त्याला घर, शेत आणि सिलेखान्याचा मान देऊ केला. "राज्यात राहा," तो म्हणाला, "आमच्याकडे आता दुसरा कुणी नाही."

शिकलगाराने मान हलवली. "न्हाई, म्हाराज. पातं धरताना मानूस पात्याकडं बघतो. हितं मला पाठीमागं बघाय लागंल. असल्या कामात बोट जातंय, न्हाईतर पातं जातंय."

त्याच दिवशी त्यांनी बैलावर खोगीर चढवलं. गावातल्या बाया वेशीपर्यंत आल्या, कुणी भाकरी आणली, कुणी लुगडं. शिकलगारणीने भाकरी घेतली, लुगडं घेतलं नाही.

वेशीबाहेर नेमाजी वाट अडवून उभा होता. शिकलगारीण पदर खोचून पुढे झाली. "आता आणिक काय राह्यलंय तुमचं?"

"मला फक्त एक विचारायचंय," नेमाजी म्हणाला. "एवढ्या कडक पोलादाला तू एवढी मऊ साण का लावलीस?"

शिकलगार थांबला. रागावलेला नव्हता, दमलेला होता. तो म्हणाला, "कारभारी, पोलाद कडक असलं की साणंतलं कण लवकर बोथट व्हत्यात. मऊ साणंत लाख कमी, म्हनून बोथट झालेला कण गळून पडतो अन् त्याच्या मागचा नवा धारदार कण वर येतो. साण झिजती, पन पातं गार राहतं. घट्ट साण बोथट कणाला सोडतच न्हाई. मग ती कापत न्हाई, नुस्ती घासती. घासलं की तापतं, अन् तापलं की पाणी उतरतं. विळ्याचं लोखंड मऊ. त्येच्यावर कण बोथट व्हत न्हाईत, म्हनून त्याला घट्ट साण चालती. ज्याला जी, त्याला ती."

नेमाजी म्हणाला, "एवढंच?"

"येवढंच."

"मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

शिकलगाराने बैलाची दोरी हातात घेतली. "दोन म्हैनं तुम्ही माझ्या दारात हुबं हुता, कारभारी. कवा बी इचारलं असतं, तर तवाच सांगितलं असतं." आणि ती दोघं डोंगराच्या वाटेला लागली.

नेमाजी घरी गेला. पुढे तो खूप वर्षं जगला. रोज सकाळी सुभान त्याच्यापुढे पाटावर बसे आणि म्हातारा त्याच्या डोक्याला पागोटं बांधून देई, कारण पागोटं बांधायला दोन हात लागतात. सुभानने बापाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. नेमाजी मात्र गाठ मारताना रोज न चुकता पोराला विचारी, "घट्ट झालं का रे? दुखत नाही ना?" आणि पोरगा सांगेल ते खरं मानी.

तात्पर्य: ज्याच्याविषयी शंका आली, त्याला समोर बसवून आधी विचारावं, न विचारता नुसती पाळत ठेवणारा शेवटी आपल्याच माणसाचा घात करतो.